मनुकांचा प्याला

गेल्या रविवारी कापणीच्या सणाला मी चर्चमध्ये भर उपासनेत स्वतःचं हसं करून घेतलं. तसं ते मी वर्षातून तीन-चारदा करतोच, पण या वेळी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेले होते आणि समोर पाळकसाहेब दोन्ही हातांत प्रभुभोजनाचा प्याला धरून उभे होते. तोच जुना, चांदीच्या मुलाम्याचा, कडेला पोचा पडलेला प्याला. कित्येक वर्षांनी तो पुन्हा मंडळीत फिरत होता. प्याला ओठांजवळ आला आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, हनुवटी चिमटीत धरून खाली ओढू लागला. मी मास्क काढत होतो. जो नव्हताच. दाढीचे दोन खुंट तेवढे बोटांना लागले. मी परत ओढलं. पाळकसाहेब बिचारे प्याला तसाच धरून राहिले. माझ्या शेजारी शांतवन आबा गुडघे टेकून बसले होते. आबा आता पंच्याऐंशीच्या पुढचे, त्यांना हळू बोलणं जमत नाही. ते म्हणाले, "सर, प्या की! मनुका आटल्या वाट बगून."

सगळी रांग हसली. पाळकसाहेबांच्या हातातला प्यालासुद्धा हलला. बायकांच्या बाजूला आमच्या सौभाग्यवतींचे खांदे हलत होते, ते मी मान न वळवता ओळखलं. सव्वीस वर्षांचा सराव आहे.

आबा मनुका का म्हणाले, ते सांगायचं तर करोनाच्या पहिल्या वर्षातल्या भाताच्या हंगामात जावं लागतं. तशी जाण्याची तसदी फारशी नाहीच. दरवर्षी दिवाळीच्या आसपास कामशेतच्या पुढे गाडीची काच खाली केली, की इंद्रायणी भाताच्या ओल्या पेंढ्याचा वास नाकात शिरतो आणि मी आपोआप तिकडे पोचतो. त्या वर्षीच्या माझ्या आठवणी सगळ्या वासाच्याच आहेत. जिना चढताना सॅनिटायझरचा, भाजीवर शिंपडलेल्या मिठाच्या पाण्याचा, आठ महिने बंद राहिलेल्या चर्चचं दार उघडल्यावर आलेला वटवाघळांचा आणि जुन्या लाकडाचा. आणि मग एक वास, जो एका सोमवारी आलाच नाही. त्याचं पुढे सांगतो.

आमचं लोणावळा तेव्हा अगदी वेगळं होतं. भुशीचं धरण सबंध पावसाळा ओसंडून वाहिलं आणि पायऱ्यांवर एक माणूस बसला नाही. त्या पायऱ्यांवर इतकं शेवाळ धरलं होतं की लांबून गालिचा अंथरल्यासारखं दिसायचं. चिक्कीच्या दुकानांची शटरं खाली. संध्याकाळी बेडूक ओरडायला लागले की त्यांना उत्तर द्यायला एक हॉर्न नसायचा. मला ते आवडलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. लोक मरत होते आणि मला बेडूक आवडत होते. माणूस असाच असतो, निदान मी तरी आहे.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवतो, बाटल्यांवर लेबलं लावतो आणि काचेच्या बरणीतल्या बेडकाचं पाणी बदलतो. पण चर्चमध्ये मला सगळे 'सर' म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. नंतर दुरुस्त करणं सोडून दिलं. नंतर कुणी 'सर' म्हणालं नाही तर मला थोडं लागायला लागलं.

त्या आठ महिन्यांत आमची उपासना मोबाइलवर व्हायची. मार्था, म्हणजे माझी बायको, मोबाइल तूरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवायची. पाळकसाहेब तिकडून आशीर्वाद द्यायचे आणि आम्ही इकडे डाळीच्या डब्यापुढे माना वाकवायचो. प्रार्थनेच्या मध्ये कुकरची शिट्टी झाली की मार्था एक डोळा उघडून मोजायची. सगळं चाललं होतं, पण प्रभुभोजन मोबाइलवरून कसं घेणार? आठ महिने कुणीही भाकर मोडली नव्हती, प्याल्याला ओठ लावला नव्हता.

मग दिवाळीच्या सुमारास प्रार्थनास्थळं उघडायची परवानगी आली, आणि कापणीचा सण दहा दिवसांवर. हा सण म्हणजे आमच्या मंडळीचा वर्षातला सगळ्यात मोठा आनंद. नाताळ सगळ्या जगाचा, हा आमचा. भाताची पहिली पेंढी वेदीला बांधायची, भोपळे, काकड्या, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा, सगळं पुढे मांडायचं, आणि प्रभुभोजन. ते एकाच प्याल्यातून. आधी पाळकसाहेब, मग सेक्रेटरी म्हणजे अस्मादिक, मग सगळ्यांत वडीलधारे म्हणून शांतवन आबा, मग बाकीची मंडळी. हा क्रम माझ्या आजोबांच्या वेळचा.

गुरुवारी मंडळीच्या पंचांची सभा बसली, चर्चमागच्या फणसाखाली, खुर्च्या लांबलांब मांडून. प्रश्न एकच. प्याला फिरवायचा की नाही?

सालोमीबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्या निवृत्त नर्स. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर तीस वर्षं लशींची पेटी खांद्याला अडकवून चाललेल्या. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, "मला या आजाराचं सगळं माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. पण तोंडातनं तोंडात जातो एवढं माहीत आहे, म्हणून एक प्याला नको."

एक पंच जरा तापले. "बाई, प्रभूच्या प्याल्यातून रोग येईल असं म्हणणं म्हणजे अविश्वास झाला."

"प्रभूवर माझा पूर्ण विश्वास आहे," सालोमीबाई म्हणाल्या. "तुमच्या खोकल्यावर नाही."

पाळकसाहेबांनी हळूच सुचवलं, की मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये प्रत्येकाला छोटा वेगळा कप देतात, तसं करता येईल. त्यावर आबा खुर्चीवरून उठले. कामशेतच्या पलीकडे त्यांची दीड एकर भातशेती. सभेला ते मातीच्या पायांनीच आले होते.

"येगळा कप," ते म्हणाले. "येगळा कप आमी लय बगितलाय, साहेब. गावच्या हाटेलात आमचा येगळा असायचा. भाईर खुट्टीला. प्यायचा, आपला आपन इसळायचा, परत टांगायचा. पानी तर वरनं वतायचे, वंजळीत. आठ-नऊ वर्साचा आसंन म्या, बापाचं बोट धरून हितं आलो. आन् पाळकानं ज्या प्याल्याला त्वांड लावलं, त्योच माज्या बापाला दिला. माजा बाप रडला. म्या कवा बापाला रडताना बगितला न्हवता." ते खाली बसले. "म्या मेलो तरी चालंल. पर येगळा कप नगं."

फणसाचं एक पान पडलं तेही ऐकू आलं. सालोमीबाई जमिनीकडे बघत होत्या. आणि ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी बोललो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका शांतता न सोसवल्याने झाल्या आहेत.

मी म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर घाबरण्याचं कारण नाही. एक तर प्याला चांदीचा. चांदीवर जंतू टिकत नाहीत. आणि दुसरं, द्राक्षारसात अल्कोहोल असतं. अल्कोहोल म्हणजे काय, सॅनिटायझरच की!"

काय सांगू, सगळ्यांचे चेहरे उजळले. पाळकसाहेबांनी श्वास सोडला. आबांनी लांबूनच मला हात जोडले. ते तापलेले पंच म्हणाले, "बघा, सर प्रयोगशाळेतले आहेत. बाईंचं बरोबर असेल, पण त्या इंजेक्शनवाल्या." ठराव झाला. प्याला फिरणार. सालोमीबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. मी घरी आलो तो तरंगतच.

मार्था ओट्याशी उभी राहून काळ्या मनुका निवडत होती. देठ काढून परातीत टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझं वाक्य दोनदा सांगितलं.

"कुठलं अल्कोहोल?" ती म्हणाली.

"द्राक्षारसातलं."

तिने परात माझ्यापुढे सरकवली. "ह्यातलं?"

इथे कुणाला वाटेल की मला माहीत नव्हतं. तसं असतं तर किती बरं झालं असतं! आमच्या मंडळीचा द्राक्षारस म्हणजे मनुका रात्रभर भिजवून, उकळून, साखर घालून गाळलेलं पाणी. आधी माझी आई करायची, मग मार्था. मनुका कामशेतच्या बाजारातून मीच आणतो. सरबताच्या जुन्या बाटलीत ते पाणी मीच भरतो. गाळून उरलेल्या मनुकांचा शिरा सोमवारी मीच खातो. सगळं जग फसलं असतं तरी फसायचा अधिकार नसलेला एकच माणूस होता, आणि त्यानेच फणसाखाली व्याख्यान दिलं. त्या क्षणी मला मनुका आठवल्याच नाहीत. मला फक्त 'सर' ऐकू येत होतं.

"त्या प्याल्यातून आबा पिणार," मार्था म्हणाली. "तुमच्यानंतर लगेच."

एवढंच म्हणाली. निवडलेल्या मनुका तिने परत डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि भाकऱ्या थापायला बसली.

शुक्रवार मी वाया घालवला. चांदीचं तरी खरं आहे का, म्हणून प्रयोगशाळेतली पुस्तकं चाळली. चांदीचं काही थोडं होतं, पण आमच्या प्याल्याची चांदी आजोबांच्या वेळीच बोटांनी पुसून गेलेली, आत पितळ. बायबलातल्या दहा आज्ञा चर्चमधल्या पोरांकडून मी पाठ करून घेतो. खोटी साक्ष देऊ नको, ही नववी. त्यात शास्त्रीयदृष्ट्या दिलेली चालते असं कुठे म्हटलेलं नाही. फोन करून सांगून टाकावं असं दहादा वाटलं. दहाही वेळा वाटलं, की आता लोक पुन्हा 'सर' म्हणणार नाहीत. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस म्हाताऱ्याचा जीव टांगून ठेवतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर लेखकावर हसलो असतो.

शनिवारी सकाळी मार्था स्वतःच स्कूटरच्या मागच्या सीटवर येऊन बसली. "चला कामशेतला."

"बाजाराला?"

"आधी बाजाराला. मग आबांकडे."

आबा खळ्यावर भात झोडत होते. नाकाला उपरणं गुंडाळलेलं, धुळीपायी, करोनापायी नव्हे. पेंढी फळीवर आपटली की दाणे चारी बाजूंना उडायचे आणि उन्हात क्षणभर चमकायचे. मी दहा पावलं लांब उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं, की आबा, माझं चुकलं, मी सभेत सांगितलं ते खोटं होतं, अल्कोहोल-बिल्कोहोल काही नाही, ते मनुकांचं पाणी आहे.

आबांनी पेंढी खाली ठेवली. "मनुक्याचं?"

"हो."

"किती वर्सं?"

मार्था म्हणाली, "माझं लग्न झाल्यापासून मी करते, आबा. त्याआधी सासूबाई करायच्या."

आबांनी बोटांवर वर्षं मोजून पाहिली. मग म्हणाले, "आन् म्या दर टायमाला घरी जाऊन म्हातारीला सांगायचो, आज जरा चढल्यावानी वाटतंय!"

ते असे हसले की खोकलेच. खोकला ऐकून मी मार्थाकडे पाहिलं. पेंढ्याची धूळ होती. पाणी प्यायल्यावर थांबला.

हसू ओसरल्यावर ते बांधावर टेकले. "म्हंजी नर्सबाई म्हनती त्येच खरं."

"हो, आबा."

"तर मग आता येगळा कप आलाच." त्यांनी ओंजळीकडे पाहिलं. मला बोलावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिलो.

मार्थाने पिशवीतून काहीतरी काढलं. कामशेतच्या बाजारात कुंभारणीने दिवाळीच्या उरलेल्या पणत्या ताडपत्रीवर तशाच मांडून ठेवल्या होत्या. त्या वर्षी घेणारं कोण होतं! मार्थाने सगळ्याच उचलल्या होत्या. एक तिने आबांपुढे बांधावर ठेवली. कोरी, तेलाचा थेंब न लागलेली, तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी.

"पाळकसाहेबांनाही हीच," ती म्हणाली. "ह्यांनाही. पंचांनाही. सगळ्यांना एकसारखी."

आबांनी पणती उलटीपालटी करून पाहिली. "चांदीचा कुनालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

"आन् वापरून झाल्यावर? परत कोन कुनाची इसळनार?"

"कुणीच नाही. तुमच्या शेतात पुरू."

आबा म्हणाले, "मला येकट्याला येगळं काढू नगा, येवढंच माजं म्हननं होतं." आणि पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागले. दाणे माझ्या पायांपर्यंत उडून आले.

तिथून आम्ही सालोमीबाईंच्या घरी गेलो. त्या दारातच बोलल्या, आत घेतलं नाही, मास्कही काढला नाही. मी सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या प्रयोगशाळेत मनुकांची दारू कधीपासून व्हायला लागली?" तेवढाच टोमणा. मग पणत्या पाहिल्या. "आधी भिजवा, मग वीस मिनिटं उकळा. रस मी ओतेन, हातमोजे घालून. तुम्ही लांब उभे राहा." जाता जाता म्हणाल्या, "डोंगरातल्या वाड्यांवर मलाही पाणी वरनंच ओतायचे हो. पण पोराच्या तोंडात डोसाचे थेंब माझ्याच हातनं घालून घ्यायचे. आबांचं मला कळत नव्हतं असं नाही. मला उपाय सुचत नव्हता."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. ज्यांना खरंच माहीत होतं, त्यांनी एकदा 'माहीत नाही' म्हटलं, एकदा 'सुचत नव्हतं'. ज्याला काहीच माहीत नव्हतं तो मात्र एकदाही अडखळला नाही. त्यानंतर मी कुणाचं ऐकायचं हे ठरवताना ज्ञानापेक्षा आधी ते अडखळणं शोधतो. डॉक्टरकडे, टीव्हीवर, उपदेशात, सगळीकडे. आरशात तर रोजच.

रविवारी दारं-खिडक्या सताड उघड्या, बाकावर दोन-दोन माणसं, उरलेली अंगणात. उपासना सुरू होण्याआधी मी पुढे उभा राहिलो. म्हणालो, "गुरुवारी मी पंचांना जे सांगितलं—" आणि वेदीपुढे पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्याने नेमकी तेव्हाच बांग दिली. कोंबडा आरवण्याआधी प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट तिथल्या लहान पोरालाही पाठ होती. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी कोंबडा थांबायची वाट पाहिली आणि उरलेलं सांगितलं. कुणी रागावलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं सरबतच होतं?" बस्स.

मग लांब टेबलावर मांडलेल्या पणत्या एकेकाने उचलल्या. मुलाम्याचा प्याला वेदीवर रिकामा. पाळकसाहेबांनी पणती ओठांना लावली, मी लावली, आबांनी लावली. मनुकांच्या गोडव्याला भिजल्या मातीची चव आली होती, नांगरटीनंतर पहिल्यांदा पाणी सोडलेल्या वावरासारखी. आठ महिन्यांनी. मला वाटतं सगळ्यांचेच डोळे भरले होते, पण मास्क आणि चष्मे, नक्की कुणाचं काय ते कळत नव्हतं. आबांनी दोन्ही हातांनी पणती धरली होती. नंतर त्यांनीच सगळ्या गोणीत भरून नेल्या.

सोमवारी दुपारी मार्थाने आबांनी दिलेला नवा भात शिजवला. इंद्रायणीचा भात शिजायला लागला की तीन घरांपलीकडे कळतं. मी स्वयंपाकघरात शेजारीच बसलो होतो आणि विचारलं, "आज काय, पोळ्याच?"

मार्थाने माझ्याकडे पाहिलं. पातेल्याचं झाकण काढून माझ्या नाकासमोर धरलं. वाफ लागली, गरम लागली. वास शून्य. मग शिऱ्याच्या मनुका हुंगल्या, साबण हुंगला, काहीच नाही. संध्याकाळी तपासणी, दुसऱ्या दिवशी अहवाल, आणि मी आतल्या खोलीत बंद.

त्या खोलीत माझ्या तापापेक्षा तो क्रमच मला जास्त छळत होता. प्याला फिरला असता तर आधी पाळकसाहेब, मग मी, मग आबा. प्याल्याची कड फिरवायची आमची पद्धत आहे, पण कड किती फिरणार? रोज सकाळी मी आबांना काहीतरी निमित्त काढून फोन लावायचो. भात किती झाला, पेंढा विकला का, म्हैस कशी आहे. आबा तीन दिवस उत्तरं देत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "सर, म्या बरा हाय. वास येतोय, चव येतीय, म्हशीचा बी वास येतोय. तुमी झोपा." चौदा दिवस झाले. पाळकसाहेब ठीक, सालोमीबाई ठीक, मार्थाला दोन दिवस अंगदुखी, तेवढीच. आबांना शिंकही आली नाही. पंधराव्या दिवशी मी खोलीबाहेर आलो तेव्हा अंगात जोर नव्हता, पण इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो. ताप गेल्याचा तो हलकेपणा नव्हता. सुटलो होतो मी, एका न घडलेल्या गोष्टीतून.

वास हळूहळू आला. सगळ्यात आधी आला तो पेंढ्याचा.

या वर्षी पंचांसमोर जुना प्याला परत आणण्याचा विषय आला तेव्हा सगळ्यांनी आधी सालोमीबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "आता चालेल. मात्र सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी पुढे येऊ नये, मग तो पंच का असेना." म्हणून गेल्या रविवारी तो पोचा पडलेला प्याला फिरला, आणि मी माझी हनुवटी ओढत बसलो.

सोमवारी नेहमीप्रमाणे मनुकांचा शिरा झाला. मी दुसरी वाटी घेताना जरा भावुक झालो आणि मार्थाला म्हणालो, "काहीही म्हण, पण त्या शनिवारी मी आबांपुढे कबूल केलं ही देवाचीच कृपा. नसतं केलं तर? विचारसुद्धा करवत नाही."

"काही झालं नसतं," मार्था म्हणाली. "तुम्ही कबूल करेपर्यंत मी मनुका भिजत घातल्याच नव्हत्या."